पत्रे लागायच्या आधी: बंद गिरणी-कारखान्याच्या जागेवर टिकाऊ वस्ती कशी उभारायची

मुंबई-ठाण्यात राहणाऱ्याला एक खूण ठाऊक असते. बंद कंपनीच्या कंपाउंडभोवती उंच निळे पत्रे लागले, की आतलं सगळं ठरून गेलेलं असतं. मजले किती, पार्किंग किती, बाग कुठल्या कोपऱ्यात आणि ती कुणासाठी. आपण चौकशीला जातो तोवर नकाशांवर शिक्के बसलेले असतात. म्हणून या लेखाचा मोठा भाग पत्रे लागायच्या आधीच्या कामाचा आहे. सौर पॅनल आणि पावसाच्या पाण्याच्या टाक्या शेवटी येतील, आणि तेवढ्यावरच वस्ती 'शाश्वत' होते असं मानणाऱ्यांची थोडी निराशा होईल.

उदाहरण म्हणून गिरणगाव घेतो. या धड्याची सगळी फी आपण तिथेच भरून बसलो आहोत.

पहिली पायरी: जमीन मोजा, आणि उभं काय आहे ते लिहून ठेवा

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि मध्य मुंबईतल्या साधारण ६०० एकर जमिनीचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. ढोबळ हिशेब असा: जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, साधारण तेवढाच म्हाडाला घरांसाठी आणि उरलेला मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त 'मोकळ्या' जमिनीची करायची, आणि मोकळी म्हणजे जिच्यावर आधीपासून काहीच उभं नाही अशी. शेड पाडून रिकामी झालेली जमीन त्यात धरायची नाही. गिरणीच्या आवारात उघडी जमीन असते कितीशी? सगळीकडे शेड, गोदामं, बॉयलर. महापालिकेचा आणि म्हाडाचा वाटा काही पटींनी आटला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने हा बदल अडवला, मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. एका विशेषणावर शहराच्या बागा गेल्या.

तेव्हा तुमच्या गावातली जमीन सोलापूरच्या गिरणीची असो की भांडुपच्या इंजिनिअरिंग कंपनीची, सुरुवात मोजणीने करा. भूमी अभिलेखची मोजणी, मिळकत पत्रिका, जिथे लागू असेल तिथे सातबारा, आणि मागचे फेरफार. प्रत्येक शेडची लांबी-रुंदी, फोटो, आणि हे सगळं तारखेसह. यात चार गोष्टी शोधा.

जमीन खरोखर मालकीची आहे की भाडेपट्ट्यावर? एमआयडीसीचा भूखंड बहुधा ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो, आणि जुन्या शहरांत जिल्हाधिकाऱ्यांच्या किंवा पालिकेच्या पट्ट्यावरची जमीन निघते. पट्ट्याच्या अटी हाच लोकांच्या बाजूचा सगळ्यात मोठा हुकमाचा पत्ता असतो, आणि तो कुणी वाचत नाही. दुसरं, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यातल्या कलम २० खाली उद्योगासाठी सूट घेतलेली आहे का? कायदा महाराष्ट्रात २००७ मध्ये रद्द झाला, पण दिलेल्या सुटीच्या अटी त्याबरोबर विरल्या नाहीत. तिसरं, विकास आराखड्यात या जमिनीवर काय आरक्षण आहे, रस्ता कुठून जातो. चौथं, कामगारांची देणी. औद्योगिक जमीन निवासी करायची तर कामगार आयुक्तांचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं. ते जुनं आहे की ताजं, आणि त्यात बदली कामगार (कायम नसलेले, गैरहजर माणसाच्या जागी येणारे) मोजलेत का, हे विचारा. कायम कामगारांचा हिशेब पुरा झाला, एवढ्यावर फाइल पुढे ढकलण्याकडे कल असतो.

जमिनीचा वापर बदलायचा प्रस्ताव निघाला की महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींना एक महिना मिळतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक अक्षरांतली चौकट. त्या महिन्यात मोजणीचे कागद तुमच्या हातात असतील तरच हरकतीला वजन येतं. 'आमचा विकासाला विरोध नाही, पण' अशी सुरुवात करून लिहिलेली चार पानं फाइलला लागतात आणि तिथेच राहतात. 'सर्वे क्रमांक अमुक, शेडखालचं क्षेत्र तमुक चौ.मी., ते वाटणीत धरलेलं नाही' हे एक वाक्य सुनावणीत उत्तर मागतं.

दुसरी पायरी: आत कोण राहतं ते मोजा

हे काम मोजणीबरोबरच चालवा. कारखान्याच्या आवारातल्या चाळी, फाटकाबाहेरच्या खानावळी, भिंतीला टेकून बसलेला चर्मकार, टपऱ्या. प्रत्येक खोलीत कोण, किती वर्षं, पावती कुणाच्या नावाची. पावती सासऱ्याच्या नावाची आणि राहते विधवा सून, अशा खोल्या यादीतून सगळ्यात आधी गळतात, म्हणून यादी चाळीच्या मधल्या मोकळ्या जागेत मोठ्याने वाचून दाखवावी. कार्यालयाच्या फलकावर लावून भागत नाही.

घरं कुठे देणार, हे याच टप्प्यावर लिहून घ्या. गिरणी कामगारांच्या घरांसाठी दीड लाखाहून जास्त अर्ज आले, आणि सोडती २०१२ पासून निघत आल्या आहेत. संप १९८२ चा. गिरणगावात जागा पुरेना तेव्हा कर्जत लाइनवरच्या शेलू-वांगणीच्या घरांचा प्रस्ताव पुढे आला आणि कामगार पुन्हा आझाद मैदानात उतरले. वाटा वेळीच आणि जागच्या जागी घेतला नाही की तो पुढच्या पिढीच्या गळ्यात आणि दोन तासांच्या लोकलवर पडतो.

तिसरी पायरी: माती

इथे जरा थांबू, कारण आपल्याकडे ही पायरी बहुतेक वेळा गाळली जाते. बिल्डर माती तपासतो, पण पाया किती भार घेईल एवढ्यासाठी. तिच्यात काय मुरलंय, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची चाचणीही वेगळी.

आधी इतिहास. प्रदूषण नियंत्रण मंडळाची जुनी संमतीपत्रं मागवा, त्यांत कुठली रसायनं आणि किती सांडपाणी हे लिहिलेलं असतं. मग कारखान्यातला जुना नकाशा घ्या आणि तो कामगारांसमोर पसरा. एका बंद इंजिनिअरिंग कंपनीच्या आवारात मी निवृत्त फिटरकाकांबरोबर फिरलो होतो. नकाशात ज्या शेडवर 'स्टोअर' लिहिलं होतं तिथे ते थांबले, छत्रीच्या टोकाने फरशीवर चौकोन काढला आणि म्हणाले, "प्लेटिंगचे हौद हितं होते. ऐंशी साली पलीकडं नेले." फरशी उचलली. खालच्या मुरुमाला पिवळसर झाक होती. क्रोमियम प्लेटिंगचं (धातूवर मुलामा चढवायचं) पाणी वर्षानुवर्षं झिरपलं की अशी झाक येऊ शकते. आमच्या आखणीप्रमाणे तिथे नमुना घेण्याची जागाच नव्हती.

कापड गिरणी असेल तर रंगखातं आणि ब्लीचिंग कुठे होतं ते शोधा. साचेखात्याखाली (साचे म्हणजे कापड विणायचे माग) फारसं काही सापडत नाही, वंगणाशिवाय. बॉयलरजवळ फर्नेस ऑइलची टाकी, विजेच्या सबस्टेशनजवळ ट्रान्सफॉर्मरचं तेल, मशिनशॉपमध्ये कटिंग ऑइल आणि भाग धुवायचे द्रव. राख कुठे टाकत होते, तेही विचारा. ती बहुधा आवारातच पसरलेली असते आणि तिच्यावर आता रानटी एरंड माजलेला असतो.

नमुने दोन प्रकारे घ्या. संशयाच्या जागी दाट, बाकी आवारात २०-२५ मीटरच्या चौकटीवर विरळ. वरचा अर्धा मीटर, मग एक, मग दोन, आणि पुढे पाणी लागेल तिथवर. भूजलाचा नमुना उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, कारण पाणी वर आलं की खालचं तेलही वर येतं. लोअर परळचा बराच भाग मुळात भरावाचा आहे, तिथे पाणी फार खोल जाऊन शोधावं लागत नाही. शेजारच्या सोसायटीच्या बोअरवेलचंही पाणी तपासा. विष कंपाउंड पाहून थांबत नाही. प्रयोगशाळा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची हवी, आणि नमुने घेताना तुमचा माणूस तिथे उभा हवा.

पाडकामाचा क्रम यावरूनच ठरतो. आधी टाक्या रिकाम्या करून काढा, मग ट्रान्सफॉर्मर, मग छपरावरचे सिमेंटचे पत्रे. त्या जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते ओले करून, स्क्रू सोडवून, अख्खे उतरवायचे आणि गुंडाळून धोकादायक कचरा म्हणून पाठवायचे. वरून घण घालून फोडले तर त्याचे तंतू शेजारच्या शाळेपर्यंत उडतात. जेसीबी सगळ्यात शेवटी. प्रत्यक्षात तो पहिल्याच दिवशी येतो, कारण भंगारवाल्याला लोखंड हवं असतं. हे थांबवायचं असेल तर पाडकामाच्या परवानगीतच क्रम लिहून घ्यावा लागतो.

दूषित माती सापडली तर? थोडी आणि एका जागी असेल तर खणून काढा. महाराष्ट्रात तळोजा, रांजणगाव आणि बुटीबोरी इथे धोकादायक कचऱ्याची सामाईक केंद्रं आहेत. तिथल्या पावतीशिवाय एकही डंपर बाहेर सोडू नका, नाहीतर ती माती कुठल्यातरी खाडीकाठच्या भरावात जाते. तेल मुरलेली माती जागेवरच जिवाणूंच्या मदतीने साफ करता येते. खर्च कमी, वेळ जास्त. जड धातू मात्र कुजत नाहीत. ते एकतर काढायचे किंवा झाकायचे. जर्मनीत ड्युइसबर्गला १९८५ मध्ये बंद पडलेल्या लोखंडाच्या कारखान्याचं उद्यान केलं, तेव्हा विषारी माल जुन्या काँक्रीटच्या बंकरांत कायमचा बंद करून टाकला आणि वर बागा केल्या. लपवालपवी काही नाही. माल तिथे आहे, बंद आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. दूषित जागांसाठी केंद्राने २०२५ मध्ये वेगळे नियम काढले आहेत, त्यामुळे 'आपल्याकडे असा कायदाच नाही' हे उत्तर आता कुणी देऊ नये.

आणि एक सूचना, जी मी जवळपास प्रत्येक बैठकीत देतो: माती साफ झाल्याचा अहवाल हाती येईपर्यंत शोषखड्डे खणू नका. पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं एरवी पुण्याचं काम. दूषित भरावातून मुरवलं तर ते विष थेट भूजलात ढकलतं. अशा जागी पाणी बंद टाक्यांत साठवा, भाजीपाला जमिनीपासून वर उचललेल्या वाफ्यांत किंवा गच्चीवर घ्या, आणि ज्या भागातली माती नुसती झाकली आहे तिथे खेळाचं मैदान न आखता रस्ता किंवा इमारतीचा पाया आखा.

चौथी पायरी: काय ठेवायचं

चिमणी ठेवा, हे सगळेच सांगतात. ती सोपी आहे, तिच्यासमोर फोटो चांगले येतात. मी शेडसाठी भांडेन. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर, काचेची बाजू उत्तरेला, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड. साच्यावर तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ही सोय शाळेला, वाचनालयाला, भाजी मंडईला आयती मिळते, दिवसा दिवा न लावता. बिडाचे खांब आणि सागाच्या तुळया शंभर वर्षं टिकल्या आहेत, आणि त्या बनवायला लागलेला कोळसा केव्हाच जळून गेला आहे. नवं काँक्रीट ओतलं की तो खर्च पुन्हा पहिल्यापासून.

पण जुनी शेड नव्या कामाला लावताना आगीचा विचार जुन्या पद्धतीने चालत नाही. कमला मिल्सच्या आवारात २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागून १४ माणसं गेली. बाहेर पडायचे दोन वेगळे रस्ते आणि बंब आत वळेल एवढी रुंदी मिळत नसेल, तर तिथे गर्दीचा वापर देऊच नका.

जे पाडायचं ते पाडताना विटा हाताने सुट्या करा, काँक्रीट जागेवर भरडून रस्त्याच्या थराला वापरा. पण ते तपासलेलं हवं. रंगखात्याच्या भिंती नकोत.

पाचवी पायरी: भिंत फोडा आणि रस्ते आरपार न्या

गिरणी म्हणजे चारी बाजूंनी दगडी भिंत आणि दोन फाटकं. वस्ती करताना बहुतेक ठिकाणी ती भिंत तशीच ठेवून आत टॉवर उभे राहतात. बाहेरच्याला वळसा कायम, आतल्याला गाडी कायम.

१९९६ मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा अभ्यास केला. सुटे भूखंड एकेक करून न विकता जमिनी एकत्र धरून आखणी करा, आणि रेल्वे स्थानकांलगत लोकांसाठी जागा सोडा, असा तिचा रोख होता. तसं झालं नाही. साच्यांच्या जागी कार्यालयं आली, त्यांत काम करणारे हजारो लोक रोज त्याच जुन्या जिन्यांवरून उतरू लागले. २९ सप्टेंबर २०१७ ला सकाळी पाऊस आला, लोक एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर थांबले, मागून गर्दी येत राहिली. २३ माणसं गेली. नवा पूल बांधायला शेवटी लष्कर आणावं लागलं, आणि तो काही महिन्यांत झाला.

म्हणून जागेचा एफएसआय (जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते) ठरण्याआधी स्थानकाचे जिने मोजा. सकाळी नऊ ते साडेदहा, दर पाच मिनिटांना किती माणसं उतरतात. नव्या वस्तीची आणि कार्यालयांची भर घातल्यावर किती होतील. रुंदी पुरत नसेल तर पूल आधी, भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरायला परवानगी देणारा दाखला) नंतर. स्टॉकहोमच्या हमारबी शोस्टाडला, जुन्या बंदर-कारखान्यांच्या जागेवर वस्ती उभी करताना, ट्राम सुरुवातीच्याच टप्प्यात आणली. लोकांनी गाडी घ्यायच्या आधी ट्राम दारात असली तर सवय लागते. तरीही पार्किंग कमी ठेवण्याचा त्यांचा मूळ बेत पुढे ढिला करावा लागला, हेही सांगायला हवं.

आखणीचे साधे नियम: शंभरेक मीटरवर आरपार गल्ली, तिला फाटक नाही. रस्त्याकडेच्या तळमजल्यावर दुकानं, दवाखाना, पोळीभाजी केंद्र. पोडियमवर (टॉवरखालच्या रुंद चौथऱ्यात) पाच मजले पार्किंग चढवलं की रस्त्याला फक्त जाळीची भिंत उरते आणि संध्याकाळी तिथून बाईमाणसाला एकटं चालवत नाही.

मोकळ्या जागेचा हिशेब प्रामाणिकपणे करू. केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं माणशी १०-१२ चौ.मी. म्हणतात. दहा एकरांवर दोन हजार घरं, म्हणजे साधारण नऊ हजार माणसं, म्हणजे कमीत कमी ९०,००० चौ.मी. दहा एकर म्हणजे जेमतेम ४०,५०० चौ.मी. एक तृतीयांश सोडला तरी माणशी दीड चौ.मी. एका भूखंडावर हे गणित कधीच सुटणार नाही. शेजारच्या दोन-तीन बंद कारखान्यांचे वाटे एकमेकांना लागून घेतले तरच खरं मैदान होतं, नाहीतर प्रत्येकाकडे एक घसरगुंडी आणि दोन बाकडी.

सहावी पायरी: पाणी, झाडं, कचरा

त्याच नऊ हजार माणसांना माणशी १३५ लिटरने रोज १२ लाख लिटरच्या वर पाणी लागेल. त्यातलं सुमारे ४५ लिटर संडासाला, म्हणजे रोज चार लाख लिटर. मुंबईत वर्षाला २,२०० मिलिमीटर पाऊस धरला तर दहा एकरांवर ८.९ कोटी लिटर पडतं, कागदावर ७३ दिवसांचं पाणी. पण ते चार महिन्यांत येतं, आणि साठवायला तेवढी टाकी कुणी बांधत नाही. आंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी मात्र रोज येतं. माझं मत विचाराल तर पैसे मर्यादित असतील तेव्हा आधी दुहेरी नळ टाका: एक पिण्याचा, एक शुद्ध केलेल्या पाण्याचा संडासासाठी. भिंती बांधून झाल्यावर दुसरा नळ टाकता येत नाही. सांडपाणी प्रकल्प पुढे चालवायचा खर्च सोसायटीच्या मेंटेनन्समध्ये किती येईल, तो आकडा घर विकतानाच लेखी द्यायला लावा. न परवडल्यामुळे बंद ठेवलेले प्रकल्प मी बरेच पाहिले आहेत. पाहणीच्या दिवशी पंप सुरू होतो, संध्याकाळी बंद.

झाडांसाठी स्वीडनमधल्या मालमोची युक्ती घेण्यासारखी आहे. जुन्या जहाजबांधणी कारखान्याच्या आवारात २००१ च्या गृहप्रदर्शनासाठी वस्ती उभारताना त्यांनी प्रत्येक भूखंडाला हिरवाईचे गुण दिले: खोल माती असलेल्या जमिनीला जास्त, कुंडी-गच्चीला कमी, फरसबंदीला शून्य. शिवाय ३५ गोष्टींची यादी, त्यातल्या किमान १० बिल्डरने निवडायच्या. आपली यादी आपण करावी: वड-पिंपळाला पुरेल एवढी खोल माती, चिमण्यांना घरट्याच्या खोबणी, पाऊस उघड्या पन्हाळीतून वाहताना दिसेल अशी गल्ली. खाली बेसमेंट आणि वर दीड फूट माती, याला बाग म्हणायची पद्धत निदान गुणांत तरी पकडली जाईल.

ओला कचरा जागेवरच जिरवा. खत करायची जागा नकाशात दाखवलेली हवी आणि ती जनरेटरच्या मागे नको. बस, याहून जास्त यात काही नाही.

सातवी पायरी: देण्याघेण्याचा क्रम

सगळे करार इथे फसतात. विक्रीचे टॉवर पहिल्या टप्प्यात, कामगारांची घरं, शाळा आणि मैदान शेवटच्या टप्प्यात, आणि शेवटचा टप्पा येतच नाही. मंजुरीच्या पत्रात उलटा क्रम लिहून घ्या. मैदान आणि रस्ता पालिकेच्या ताब्यात गेल्याची पावती, मग पहिल्या टॉवरला बांधकाम सुरू करायचा दाखला. पुनर्वसनाच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र, मग विक्रीच्या इमारतीला. बांधीव क्षेत्र २०,००० चौ.मी. किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. तिच्या अटींतही हाच क्रम घालायला सांगा, म्हणजे दोन वेगळ्या फाइलींत तो राहील.

पुनर्वसनाच्या इमारतीला लिफ्ट आणि पंपांचा खर्च असतोच, राहणाऱ्यांचं उत्पन्न मात्र टॉवरवाल्यांचं नसतं. देखभालीची ठेव बिल्डरकडून आधी जमा करून घ्या.

ताबा मिळाल्यावर पहिला पाऊस पडेल त्या दिवशी गमबूट घालून आवारात फिरा. पाणी कुठे साचतं, तळघरात कुठून शिरतं, दुसऱ्या नळाला खरंच पाणी आहे का. फोटो काढा, तारीख टाका, आणि बिल्डरला लेखी पत्र द्या, पोच घेऊन. रेरा कायद्याप्रमाणे बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं त्याच्यावर असते, आणि ती पाच वर्षं पाचच पावसाळ्यांत संपतात.